अर्काइव्ह: गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासकाच्या नजरेतून

गुरुत्वाकर्षणावर सैद्धांतिक काम करणाऱ्याचा दिवस बहुधा नव्या शोधनिबंधांच्या एका यादीने सुरू होतो. पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या 'अर्काइव्ह' या विनामूल्य सेवेत सापेक्षतेसाठीचा जीआर-क्यूसी विभाग पुढच्याच वर्षी आला, आणि नवे निबंध छापून येण्याआधी तेथेच वाचायला मिळतात.

या तत्परतेचे मोल ऑक्टोबर २०१७ मध्ये दिसले. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे ओलांडून अवघ्या १.७ सेकंदांच्या फरकाने पोचल्याचे १६ तारखेला जाहीर झाले, आणि त्यामुळे या लहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा मानणारे, गुरुत्वाकर्षणाचे गॅलिलिऑन प्रकारचे अनेक पर्यायी सिद्धांत बाद ठरतात असे दाखवणारे वेगवेगळ्या गटांचे निबंध दोन-तीन दिवसांतच येथे आले. त्या सिद्धांतांवर वर्षानुवर्षे खपलेल्यांना नियतकालिकाच्या अंकाची वाट पाहत बसावे लागले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

सर्वांत उपयोगी आहे ती निबंधाची मूळ टेक फाइल (गणिती मजकूर जुळवण्याच्या 'टेक' प्रणालीतली) उतरवून घेण्याची सोय. पानभर पसरलेले टेन्सरांचे, म्हणजे अनेक निर्देशांक लावलेल्या राशींचे, समीकरण हाताने उतरवताना एखादा निर्देशांक हटकून खालीवर होतो. तेच थेट संगणकात घेतले की मेट्रिकची (अवकाश-काळातील अंतर ठरवणाऱ्या राशीची) अधिक-उणे चिन्हपद्धती आपल्या पद्धतीशी जुळवून एकेक पायरी पडताळता येते. शिवाय निबंधाच्या सगळ्या आवृत्त्या जपलेल्या असतात. 'चिन्हाची चूक सुधारली, निष्कर्ष कायम' अशी टीप दिसली, तर दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचाव्यात. निष्कर्ष खरोखरच कायम आहेत का, याची खात्री वाचकानेच करून घ्यायची असते.

कारण तज्ज्ञ परीक्षकांची चाळणी येथे नाही. नियामक जुजबी छाननी करतात, पण गणित तपासत नाहीत, त्यामुळे कसून केलेले आणि घाईत उरकलेले काम एकाच यादीत भेटते. समीकरण देऊन शोध घेण्याची सोयही नाही, आणि ज्या क्षेत्रात एकच सूत्र निरनिराळ्या चिन्हपद्धतींत पुन्हापुन्हा काढले जाते, तेथे ही उणीव जाचते.

कृष्णविवरांची एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) हा ज्यांचा विषय आहे, त्यांनी केवळ जीआर-क्यूसीवर विसंबू नये. हेप-टीएच या सैद्धांतिक उच्च-ऊर्जा भौतिकीच्या विभागाची यादीही रोज पाहावी, कारण त्या प्रश्नावरचे बरेचसे लेखन तिकडे नोंदवले जाते.