एटीएक्स, मायक्रो एटीएक्स की मिनी आयटीएक्स? पीसी स्वतः जोडणाऱ्यांसाठी

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर लोक महिनाभर डोकं लावतात आणि मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये बसणार कसा ते आयत्या वेळी बघू म्हणतात. पहिल्यांदाच हाताने जोडणार असाल तर माझं मत आधीच सांगून टाकतो, मदरबोर्डच्या या तीन मापांपैकी मधलं, म्हणजे मायक्रो एटीएक्स बोर्ड घ्या आणि मिड टॉवर, म्हणजे मध्यम उंचीच्या कॅबिनेटमध्ये बसवा.

मापं अशी: एटीएक्स 305 बाय 244 मिमी, इंटेलने 1995 मध्ये आणलेलं माप आजही तेच चालू आहे. मायक्रो 244 बाय 244, मिनी आयटीएक्स 170 बाय 170. स्क्रूच्या भोकांच्या जागा एकमेकांशी जुळत्या ठेवल्यात म्हणून छोटा बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये आरामात बसतो, उलटं मात्र जमत नाही.

आता मायक्रोच का, तर हाताला जागा. बोर्ड वरच्या बाजूला धरून बसतो त्यामुळे मायक्रो लावला की खाली मोकळं राहतं, आणि पॉवर स्विच, एलईडी, पुढच्या यूएसबीच्या बारीक पिना नेमक्या बोर्डाच्या खालच्या कडेलाच असतात. एटीएक्समध्ये ती कड एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या झाकणाला अगदी चिकटून येते, बोटं जात नाहीत, पिना दिसत नाहीत, टॉर्च तोंडात धरून काम करावं लागतं. प्रोसेसरची 8 पिनची वायर मात्र दोन्हीकडे सारखाच त्रास देते, वरच्या कोपऱ्यात असते ना, म्हणून वरती फॅन किंवा लिक्विड कूलरचा रेडिएटर लावायच्या आधीच ती ओढून घ्या.

स्टँडऑफकडे नीट बघा, म्हणजे बोर्डाखालचे ते पितळी खांब. पूर्ण मापाच्या एटीएक्सला साधारण 9 लागतात, मिनी आयटीएक्सला 4. कॅबिनेटमध्ये बऱ्याचदा एटीएक्सच्या हिशोबाने आधीच लावलेले असतात, मायक्रो बसवताना ज्याच्यावर भोक येत नाही तो काढायचाच, नाहीतर मागच्या सोल्डरला धातू टेकून शॉर्ट होऊ शकतो. आणि स्वस्तातले बोर्ड, एटीएक्स असो की मायक्रो, कधीकधी रुंदीला कमी असतात, मग उजव्या कडेला स्क्रूच नसतो आणि 24 पिनची जाड वायर दाबताना बोर्ड वाकतो. तिथे खालून बोटाचा आधार द्या, पण घेण्याआधीच फोटोत उजवीकडे भोकं आहेत का ते बघितलेलं बरं.

एटीएक्स कोणी घ्यावा? ज्याला कॅप्चर कार्ड, साउंड कार्ड, जास्तीच्या एसएसडी असं खरंच भरायचंय त्याने. कार्डांसाठी 7 स्लॉटची जागा मिळते, मायक्रोत 4, आणि हल्लीचं जाडजूड ग्राफिक्स कार्ड त्यातले दोन-तीन खाऊन टाकतं. मायक्रोचा हा तोटा खरा आहे.

मिनी आयटीएक्स दिसायला फार सुंदर, पण एकच स्लॉट, साधारण दोनच रॅम, बऱ्याच कॅबिनेटना छोटा एसएफएक्स एसएमपीएस लागतो, कूलरची उंची मोजून घ्यावी लागते आणि काय आधी बसवायचं याचा क्रम चुकला की परत सगळं बाहेर. वर तशाच फीचर्सचा बोर्ड मायक्रोपेक्षा महाग पडतो. पुण्यात कॉट बेसिसवर राहणारा, दर वर्षी रूम बदलणारा कोणी असेल तर त्याला मी हाच सांगेन, टेबलावर मावतो आणि बॅगेतून नेता येतो. घरात एका जागी ठेवायचा असेल तर एवढी तडजोड कशाला?

कुठलाही घ्या, कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कूलरची उंची बघाच. बोर्डासोबत आयओ शील्ड (मागच्या पोर्टांभोवती बसणारी पत्र्याची पट्टी) सुटी आली असेल तर ती आधी मागच्या खाचेत चारी बाजूंनी टकटक बसवा, मग बोर्ड तिरका धरून पोर्ट त्यात सरकवा, आणि सगळे स्क्रू हलके लागल्याशिवाय एकही पूर्ण आवळू नका.