सोलापूरची थंडी, जुन्या बाजारातले कपडे आणि 1,430 रुपये : चार महिने वापरल्यानंतर

सोलापुरात थंडी म्हणजे सकाळचे चार तास आणि रात्रीचे दोन. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 13-15 अंशांवर, एखाद्या लाटेत त्याहूनही खाली, आणि दुपारी पुन्हा 30च्या घरात. सहाला कुडकुडत घराबाहेर पडलेला माणूस अकरा वाजता घामाघूम होतो. त्यामुळे इथे कपडा किती उबदार आहे यापेक्षा तो काढल्यावर गाडीच्या डिकीत मावतो का, हे आधी बघावे लागते. जाडजूड, कापूस भरलेले जर्किन इथे पैसे वाया घालवणारेच आहे. ते फार तर आठ-दहा दिवस उपयोगी पडते आणि उरलेले वर्ष कपाट अडवते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चार महिने वापरलेला संच असा : नवे फुल बाह्यांचे होजिअरी इनर दोन (440 रुपये), जुना लोकरीचा हाफ स्वेटर (150), जुना कॉर्डरॉयचा शर्ट (120), जुने नायलॉनचे विंडचीटर (200, शिवाय चेनचा रनर बदलायला 30), घरातल्या जुन्या सोलापुरी चादरीची बंडी (शिलाई 350), मफलर 80 आणि हातमोजे 60. एकूण 1,430. पहाटेची दुचाकी, सकाळचे चालणे, गड्ड्याच्या यात्रेतली (संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वराची जत्रा) होम मैदानावरची रात्र आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा एसी डबा, एवढ्या ठिकाणी हे कपडे वापरून पाहिले.

इनर मात्र जुने घेऊ नये. प्रश्न फक्त स्वच्छतेचा नाही. इनरची ऊब ते अंगाला चिकटून बसण्यात असते आणि वापरलेल्या इनरचा ताण गेलेला असतो. मनगटाशी आणि कमरेशी ते सैल पडले की तिथून गार हवा आत शिरते. दुचाकीवर फक्त बसून जाणाऱ्याला सुती इनर पुरते. चालायला किंवा पळायला जाणाऱ्याने मात्र पॉलिस्टर मिश्रणाचे घ्यावे. घामाने भिजलेले सुती कापड लवकर वाळत नाही आणि थांबल्यावर तेच अंग गार करते. या संचातली दोन्ही इनरे सुती होती. गाडीवर काही तक्रार नाही, चालण्यासाठी ती कमी पडली.

हाफ स्वेटर ही संचातली सगळ्यात उपयोगी खरेदी ठरली. बाह्या नसल्याने त्यावर काहीही चढते, घडी लहान होते, आणि छाती-पाठ गरम राहिली तर या हवेत हातांना फारसे लागत नाही. पण ढिगातून खरी लोकर ओळखता आली पाहिजे, कारण दहातले आठ-नऊ स्वेटर ॲक्रिलिकचे असतात. लेबल असेल तर वाचावे. बाहेरदेशी मालावर इटालियन-स्पॅनिशमध्ये लाना (lana), फ्रेंचमध्ये लेन (laine), जर्मनमध्ये वोले (Wolle) असे शब्द लोकरीसाठी असतात. लेबल कापलेले असेल तर आतल्या शिवणीतून एक धागा काढून घ्यावा आणि घरी चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर जाळून पाहावा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत दूर केली की विझते आणि राख बोटाने चुरगळते. ॲक्रिलिक काळा धूर सोडून वितळते आणि टोकाला टणक काळा मणी उरतो. सूत कागदासारखे जळते. विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारूनच धागा काढावा, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

लोकरीचा आग्रह कशासाठी? लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. सकाळी अंगात घालून निघालो आणि साडेनऊपर्यंत काढायला जमले नाही, तर ॲक्रिलिकमध्ये बनियन चिकट होतो, लोकरीत होत नाही. तुलनेसाठी एक ॲक्रिलिक स्वेटरही वापरला. तिसऱ्या आठवड्यात काखेखाली आणि पिशवीचा पट्टा घासतो तिथे गोळे आले. लोकरीवरचे गोळे काही दिवसांनी आपोआप गळतात. ॲक्रिलिकचा धागा चिवट असल्याने ते धरून राहतात. जुने रेझर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवून निघतात, पण दर वेळी कापड थोडे पातळ होते.

घेताना स्वेटर उजेडासमोर धरावा. टाचणीएवढी भोके इकडेतिकडे दिसली तर कसर (लोकर खाणारी कीड) लागलेली आहे. एकच भोक असेल तर रफू होतो, विखुरलेली असतील तर सोडून द्यावा. काखेतला पिवळा, कडक झालेला डाग सहसा जात नाही. कोपर झिजले असेल तर फुल स्वेटरच्या बाह्या कापून हाफ करता येतो, मात्र कापायच्या रेषेवर आधी मशीनची दुहेरी शिलाई मारावी, नाहीतर विण उसवत जाते. माप लेबलवरच्या आकड्यावरून घेऊ नये. बाहेरदेशी एम आणि आपला एम एक नसतो. कपडा जमिनीवर सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत टेपने मोजावे आणि दुप्पट करावे. स्वेटरला छातीच्या मापापेक्षा 3-4 इंच जास्त, सगळ्यात वरच्या विंडचीटरला 6-8 इंच जास्त. खांद्याची शिवण दंडावर उतरत असेल तर तो कपडा घेऊच नये. बाजू आत घेणे स्वस्त असते, खांदा उसवून बसवणे कपड्याच्या किमतीपेक्षा महाग पडते.

आता विंडचीटर. दुचाकीवर खरा शत्रू वारा आहे. हवा 10 अंश असताना ताशी 40 किलोमीटर वेगाचा वारा लागला, तर ठरलेल्या सूत्रानुसार अंगाला ती सुमारे 6 अंशांसारखी जाणवते. विणलेला स्वेटर कितीही जाड असो, त्यातून वारा आरपार जातो. त्यावर कागदासारखे पातळ विंडचीटर चढवले की तोच स्वेटर दुपटीने गरम वाटतो. परीक्षा सोपी आहे : कापड तोंडाला घट्ट लावून फुंकर मारावी. पलीकडे ठेवलेल्या तळहाताला हवा लागली तर ते वाऱ्याला अडवणार नाही. मग आतली बाजू अंगठ्याने घासावी. चिकट लागली किंवा पांढरी-पिवळी सालपटे निघाली तर आतला थर सडलेला आहे, तो पुन्हा चिकटत नाही. काळ्या रेक्झिनच्या जर्किनांचेही हेच. लांबून चामड्यासारखी झकास दिसतात, पण हवेतल्या ओलाव्याने तो थर हळूहळू तुटत असतो आणि ढिगातल्या जर्किनाचे निम्मे आयुष्य आधीच सरलेले असते. मानेशी आणि बाहीच्या घडीवर भेगा दिसल्या तर फुकटसुद्धा घेऊ नये.

चेन मात्र घाबरण्यासारखी नाही. चेन लावली तरी मागून उघडत असेल तर बहुतेक वेळा दात चांगले असतात, रनर फाकलेला असतो. पकडीने त्याच्या दोन्ही बाजू अगदी हलके दाबल्या तर काही महिने चालतो. जोर लावला तर तुटतो. नवा रनर 30 रुपयांत बसला. दात तुटले असतील तर पूर्ण चेन बदलावी लागते आणि मग त्या भावात दुसरे विंडचीटर मिळते. विंडचीटरची एकच तक्रार : आतला घाम बाहेर जात नाही. सिग्नलला थांबलो की चेन चार इंच उतरवायची सवय लावावी लागली.

चादरीच्या बंडीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण इथे जवळजवळ प्रत्येक घरात एखादी जुनी सोलापुरी चादर पडून असते. सुती, जॅकार्ड मागावर विणलेली, एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूला उलट्या रंगात. भौगोलिक मानांकन मिळालेला हा माल अंगावर घालण्यासाठी बनलेला नाही, हे शिवताना पदोपदी जाणवते. तरीही जुनी चादर नव्यापेक्षा बरी, कारण ती आटून झालेली असते, रंग सुटायचा थांबलेला असतो आणि सूत मऊ झालेले असते. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने रंग पक्का होतो या समजावर विसंबू नये. सुटा रंग दोन-तीन धुण्यांत निघून जातो आणि मग थांबतो. 60 × 90 इंचाच्या चादरीत छाती 40ची बंडी सहज निघते. चादर उजेडासमोर धरून बघावी. मधला भाग अंगाखाली घासून विरळ झालेला असतो, म्हणून पाठ आणि पुढचे भाग कडेकडून बेतावेत. काठाची पट्टी खाली, कमरेशी येईल असे बेतले तर तिथे दुमडून शिवावे लागत नाही. दोन पदर दुमडले की ही जाडी घरच्या मशीनला पेलत नाही.

विण सैल असल्याने कापल्या कापल्या कडा सुटू लागतात. म्हणून कापल्यावर त्याच दिवशी सगळ्या कडांना ओव्हरलॉक मारून घ्यावे, शिवणीला पाऊण इंच सोडावे, 16 किंवा 18 नंबरची सुई लावावी आणि इंचाला सात-आठ टाके ठेवावेत. टाके बारीक घातले तर शिवणीवरच कापड फाटते. बाह्या लावू नयेत. एवढे जाड कापड खांद्याच्या गोलाईत बसत नाही. मुंडा (काखेशी येणारा गोल काप) नेहमीपेक्षा इंचभर खोल ठेवावा, म्हणजे आतल्या शर्टावर ती ओढत नाही. मुंड्याला आणि गळ्याला पातळ सुती कापडाची पायपिंग (कडेवर दुमडून शिवलेली पट्टी) करावी. शिंपी पहिल्यांदा नाही म्हणतील, कारण सुया मोडतात. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातल्या कारागिराकडे जाड कापडाचे मशीन असते, तिथे काम नीट होते.

वापरानंतर बंडीची स्थिती : वजन सुमारे अर्धा किलो, आकार तसाच, डाव्या खिशाची कड मात्र विरली, कारण तिथे पायपिंग केली नव्हती. होम मैदानावर रात्री बसायला इनर, कॉर्डरॉयचा शर्ट आणि बंडी एवढे पुरेसे होते; स्वेटर काढून ठेवावा लागला. गाडीवर एकटी बंडी कमी पडते, विंडचीटरखाली मात्र फार छान. धुतल्यावर सावलीत वाळायला दीड दिवस लागतो, म्हणून महिन्यातून एकदाच धुवावी आणि एरवी तासभर उन्हात टाकावी.

साडी किंवा कुर्त्यावर हाच संच थोडा बदलून चालतो. ब्लाउजखाली रुंद गळ्याचे, अर्ध्या बाह्यांचे इनर घ्यावे, म्हणजे ते बाहेर दिसत नाही. स्वेटर पुढून बटणांचा असावा, पदर त्यावरून घेता येतो. दुचाकीवर ओढणी आणि मफलर दोन्ही विंडचीटरच्या आत खोचून चेन लावावी. चाकात अडकण्याचा धोका खरा आहे. विणलेल्या हातमोज्यांचे 60 रुपये मात्र वाया गेले. बोटांमधून वारा येतो आणि ब्रेकवर हात घसरतो. तळव्याला पकड आणि वरच्या बाजूला वारा न जाणारे कापड असलेले हातमोजेच घ्यावेत.

आणलेला कपडा थेट कपाटात नको. सुती आणि कॉर्डरॉय कढत पाण्यात अर्धा तास भिजवून धुवावे. लोकरीला कढत पाणी चालत नाही : उष्णता, घासणे आणि साबणाचा खार एकत्र आले की ती आटून नमद्यासारखी (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडासारखी) होते. स्वेटर कोरडाच पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवला तर कसरीची अंडी मरतात. मग थंड पाणी आणि रिठा किंवा लोकरीचे द्रव साबण. बोअरचे जड पाणी असेल तर वडीच्या साबणाचा पांढरा थर धाग्यावर बसतो आणि स्वेटर खरखरीत होतो. शेवटच्या बादलीत दोन चमचे व्हिनेगर घातले की तो उतरतो. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या भागात दोन बादल्यांत एक स्वेटर निघतो, त्याहून जास्त पाणी लागत नाही. पिळायचा नाही. टर्किश टॉवेलवर पसरवून दोन्हींची वळकटी करायची, गुडघ्याने दाबायची आणि खाटेवर आडवा वाळवायचा. दोरीवर टांगला की बाह्यांची भोके लांबतात.

खरेदीची वेळ म्हणाल तर दिवाळीनंतरचे दोन आठवडे भाव चढे असतात. गड्डा उरकला, संक्रांत मागे पडली की तेच ढीग उतरतात, आणि पुढच्या वर्षाचा स्वेटर तेव्हाच घ्यावा.

ठेवताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. माळ्यावर टाकू नये. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो आणि इनरचे इलॅस्टिक, विंडचीटरचा आतला थर दोन्ही त्यातच मरतात. कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा बरा. लोकर धुऊन पूर्ण वाळवूनच ठेवावी, कारण कसर घाम आणि अन्नाच्या डागांवर आधी येते. डांबर गोळ्या कापडाला न टेकता पुरचुंडीत ठेवाव्यात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत किंवा दुपट्यांत मात्र त्या अजिबात घालू नयेत, काही बाळांचे रक्त त्या वासानेही बिघडते. त्यांच्या कप्प्यात कोरडा कडुनिंबाचा पाला घालून झाकण घट्ट लावले की पुरे.