योहानेस टेपलचा म्हणायचा की झात्सचा?

'आकरमान'वर, म्हणजे बायको गमावलेला शेतकरी आणि मृत्यू यांच्यातल्या वादाच्या मध्ययुगीन जर्मन पुस्तकावर, काही लिहायला किंवा बोलायला घेतलं की पहिल्याच ओळीत अडतं, लेखकाचं नाव योहानेस फॉन टेपल लावायचं की योहानेस फॉन झात्स, म्हणजे टेपलचा की झात्सचा; दोन्ही बोहेमियातली, आजच्या चेकियातली गावं. मी दोन्ही वापरून बघितलीत, म्हणून सांगतोय, पुढे तुमचं तुम्ही ठरवा.

कागदावर टेपलची बाजू भक्कम आहे हे मान्यच. पुस्तकासोबत त्याने प्रागच्या पेटर रोटहिर्शला लॅटिन पत्र पाठवलं होतं, ते १९३३ मध्ये हाती लागलं, आणि त्यात तो स्वतःला टेपलचा योहानेस म्हणतो. हल्लीच्या अभ्यासात म्हणूनच हे नाव जास्त चालतं. पण त्याच पत्रात, त्याच दमात, तो स्वतःला झात्सचा नागरिकही म्हणतो! शिवाय शितबोर्झ हे तिसरं गाव आहेच. दप्तरात 'शितबोर्झच्या हेन्सलिनचा योहानेस' असा माणूस सापडतो, तो हाच धरला तर घराणं तिकडचं आणि टेपल हे फार तर बालपणाचं किंवा शाळेचं गाव. जन्म साधारण १३५०चा. चिपळूणकर आडनावाचा माणूस जन्मभर नागपुरात राहिलेला असतो, तसंच काहीसं हे.

मला टेपलचा कंटाळा आला तो वेगळ्याच कारणाने. आमच्या वाचनगटात मी आधी त्याची ओळख टेपलचा म्हणूनच करून द्यायचो, आणि दर वेळी गाडी तिकडच्या मठावर जायची, मठाच्या शाळेत शिकला असेल का, लॅटिन तिथलंच का, प्रागला कधी गेला, आणि यातलं जवळपास सगळं अंदाजावर, म्हणजे अर्धा तास बोलून झालं तरी पुस्तकातली बायको मार्गारेटा अजून मेलेलीच नसायची आणि मृत्यूने तोंडही उघडलेलं नसायचं. ज्या गावाचा पुस्तक वाचताना काडीचा उपयोग होत नाही त्याच्यावर एवढा वेळ का घालवायचा, असं मला मनापासून वाटायला लागलं.

झात्सचं तसं होत नाही. तिथे तो नगराचा नोटरी होता, लॅटिन शाळेचा प्रमुख होता, १४११ मध्ये प्रागच्या नव्या शहरात जाईपर्यंत त्याचं कामाचं आयुष्य तिथलंच. आणि हे पुस्तकात पानोपानी दिसतं. तिसऱ्या प्रकरणात शेतकरी म्हणतो की माझा नांगर पक्ष्याच्या पेहरावाचा आहे, म्हणजे पिसाची लेखणी, हा कचेरीत बसणारा माणूस आहे हे तिथेच कळतं. त्याचा आक्रोशसुद्धा फिर्यादीसारखा चालतो, आरोप, उत्तर, परत आरोप, आणि ३३व्या प्रकरणात देव निकाल देतो, मान शेतकऱ्याला आणि जय मृत्यूला. आयुष्यभर तक्रारी लिहून घेणाऱ्यालाच दुःख असं मांडता येईल, निदान मला तरी तसं वाटतं.

एक गोष्ट टेपलवाल्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. पत्रात तो पुस्तकातल्या वक्तृत्वकलेबद्दल बोलतो, त्यामुळे हे दुःख खरं की नुसता शैलीचा अभ्यास, हा वाद तुम्हाला महत्त्वाचा असेल तर सुरुवात पत्रापासूनच करावी लागेल आणि मग टेपल ओघाने येईलच. मी मात्र १ ऑगस्ट १४०० ही बायकोच्या मृत्यूची तारीख वाचतो आणि मला ते खरं वाटतं.

पेपर किंवा प्रबंध लिहिताय तर शीर्षकात टेपल ठेवा, कॅटलॉगमध्ये दोन्ही नावांनी शोधा कारण जुन्या आवृत्त्या बऱ्याचदा झात्सखाली असतात. पण कुणाला पहिल्यांदा वाचायला देत असाल तर झात्स म्हणा आणि थेट चौथं प्रकरण उघडून दाखवा. तिथे मृत्यू त्याचं गाव ओळखतो, डोंगरावरचं देखणं, मजबूत शहर म्हणतो आणि नाव कोड्यात सांगतो, वर्णमालेतलं १८वं, पहिलं, तिसरं आणि २३वं अक्षर. त्या काळच्या लॅटिन वर्णमालेत मोजून बघा, एस, ए, सी, झेड. टेपलचं नाव त्याने पुस्तकात असं गुंफलेलं नाही.