चार लोकांत बोलायला घाबरणाऱ्यांसाठी कोथरूडचा माइंडफुलनेस कोर्स

कोथरूडला कर्वे पुतळ्याजवळ एका छोट्या हॉलमध्ये हा आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे चांगलं-वाईट न ठरवता लक्ष द्यायला शिकायचा, कोर्स केला. ओळख करून द्यायची वेळ आली तरी ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. साचा जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला सुरू केलेल्या प्रोग्रॅमचाच आहे, बॉडी स्कॅन (शरीराच्या एकेका भागाकडे क्रमाने लक्ष नेणं), श्वासाकडे लक्ष, एक मनुका हातात घेऊन नीट बघून मग सावकाश खायची वगैरे. तेवढंच असतं तर यूट्यूबवर फुकट मिळतंच की.

पण इथल्या मॅडमनी क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांचं १९९५ चं मॉडेल इतकं छान समजावलं, की सोशल अँग्झायटीत, म्हणजे लोकांसमोर वाटणाऱ्या या भीतीत, आपण समोरच्याकडे बघतच नसतो, सगळं लक्ष स्वतःवर, आवाज कापतोय का, चेहरा लाल झालाय का, आणि आत जे वाटतंय त्यावरून आपण बाहेरून कसे दिसत असू ते ठरवून टाकतो आणि तेच खरं धरून चालतो. मी विचारलं, मग माइंडफुलनेसमध्ये पण स्वतःकडेच बघायचंय ना? त्यावर त्यांनी जोड्या पाडल्या. माझ्यासमोर एक रिटायर्ड काका, ते गच्चीवरच्या टोमॅटोबद्दल बोलत होते, माझे तळहात ओले, छाती धडधडतेय, मॅडम म्हणाल्या धडधडू दे, ती थांबवायची नाही आणि तिच्यावरून स्वतःला मार्कही द्यायचे नाहीत, काकांचा पुढचा शब्द ऐक. आणि खरंच, टोमॅटोला कीड कशी लागली इथपर्यंत ऐकलं मी!

दुसरी गोष्ट म्हणजे सेल्फ-कन्सेप्ट क्लॅरिटी, म्हणजे आपण कोण आहोत, आपल्याला काय पटतं हे स्वतःला किती स्पष्ट आहे. जेनिफर कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये यासाठी १२ वाक्यांची प्रश्नावली केली, ती आमच्याकडून भरून घेतली. ही स्पष्टता कमी असलेल्यांमध्ये सोशल अँग्झायटी जास्त दिसते, अर्थात कशामुळे काय होतं हे एवढ्यावरून ठरत नाही, मॅडमनी तेही सांगितलं हे मला फार आवडलं. मला स्वतःला हे शंभर टक्के पटलंय, आपलं आपल्यालाच पक्कं नसलं की मीटिंगमध्ये कोणी नुसत्या भुवया उंचावल्या तरी आपण लगेच मत बदलून मोकळे होतो. रोज रात्री वहीत लिहायचं, आज मी कुठे मनातलं बोलले आणि कुठे समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणाले. मला सगळ्यात जास्त उपयोग या वहीचाच झाला.

खटकलेलं म्हणजे बॅच फार मोठी, माणसांना घाबरणाऱ्यांच्या क्लासला एवढी गर्दी नको. हॉल रस्त्यालगत, संध्याकाळी हॉर्न ऐकून डोकं उठतं, शक्यतो सकाळची बॅच घ्या. आणि भीतीमुळे कॉलेज, ऑफिस सुटायची वेळ आली असेल तर आधी सायकॉलॉजिस्टकडे जा, यावर सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारी) ही नीट तपासलेली थेरपी आहे. १४४१६ हा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर फ्री आहे, मराठीत बोलता येतं.