घरी अ‍ॅक्रिलिक कापायचंय: कटर, जिगसॉ की लेझरवाला?

अ‍ॅक्रिलिक दोन प्रकारे दगा देतं. शंभर अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं, म्हणून पातं जोरात फिरलं की कीस वितळतो आणि कापलेली फट मागच्या मागे पुन्हा चिकटते. आणि थंड असताना घाई केली, तर कडेला चीर जाते. त्यामुळे कोणतं हत्यार भारी, हे विचारण्याआधी शीट किती एमएमची आहे आणि काप सरळ की वळणाचा, ते ठरवा.

२-३ एमएमची शीट आणि सरळ काप असेल, तर अ‍ॅक्रिलिक कटरच घ्या. याच्या पात्याच्या टोकाला हुकासारखा आकडा असतो. तो कापत नाही, खरवडतो. स्टीलची पट्टी घट्ट दाबून पहिले दोन हात हलके मारा, खाच धरली की मग जोर. नीट चाललं असेल तर दोऱ्यासारखा अखंड कीस निघतो. नुसती भुकटी पडत असेल तर पात्याचा कोन बदला. आठ-दहा हात मारून एक तृतीयांश जाडी गेली, की खाच वरच्या बाजूला ठेवून बरोबर टेबलाच्या कडेवर आणा आणि बाहेरचा भाग एका झटक्यात खाली दाबा. आवाज नाही, धूळ नाही, फ्लॅटमध्येही चालतं. मात्र काप या कडेपासून त्या कडेपर्यंतच हवा. एल आकार जमत नाही, अगदी अरुंद पट्टी वेडीवाकडी तुटते. ५ एमएमला दोन्ही बाजूंनी खाच पाडावी लागते. त्यापुढे नाद सोडा.

जाड शीट किंवा वळण असेल तर जिगसॉ, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या पात्याची विजेची करवत. बारीक दातांचं ब्लेड, वेग मध्यमाच्या खाली, पेंडुलम (पातं पुढे-मागे झुलवणारी सेटिंग) शून्यावर. शीटवरचा कागद काढू नका आणि क्लॅम्प कापाच्या शक्य तितक्या जवळ लावा, नाहीतर शीट थरथरते आणि तडकते. आतल्या कोपऱ्यात आधी गोल भोक पाडा, कारण चीर टोकदार कोपऱ्यातूनच सुरू होते. कडा मात्र खडबडीतच येते. २२०, ४००, मग ६०० नंबरचा पेपर पाणी लावून घासायची तयारी ठेवा. एवढ्यासाठी नवा जिगसॉ घेऊ नये, घरात असेल तर वापरावा. एखाद-दुसऱ्या छोट्या कापाला इंचाला ३२ दात असलेलं हॅक्सॉ ब्लेड (हातकरवतीचं पातं) पुरतं. ग्राइंडर नको, कडा जाळतो.

दारावरच्या पाटीची अक्षरं, जाळी, मखराची नक्षी असलं काही असेल, तर सरळ लेझरवाल्याकडे जा. डिझाइनची कोरलड्रॉ किंवा डीएक्सएफ फाइल (कॉम्प्युटरवर काढलेल्या रेषांचं चित्र) द्या. कडा काचेसारखी चकचकीत मिळते. घरगुती निळ्या डायोड लेझरवर भरवसा ठेवू नका, पारदर्शक शीटमधून त्याचा प्रकाश आरपार जातो. शीट अ‍ॅक्रिलिकचीच आहे ना, हे विकत घेतानाच विचारा: पॉलिकार्बोनेट लेझरखाली काळं-पिवळं पडतं, आणि पीव्हीसीतून विषारी धूर येतो म्हणून दुकानदार ते मशीनवर घेणारच नाही.

लेझरची कडा स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसू नका, केसासारख्या बारीक चिरा पडतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं वापरा.