कॅसॉबन मेला आणि पुस्तकाचे दोन तुकडे झाले

जॉर्ज इलियटच्या 'मिडलमार्च'ची ही पेपरबॅक प्रत मी सात महिन्यांपूर्वी ३९९ रुपयांना घेतली. अठ्ठेचाळिसावं प्रकरण संपलं, त्यातला म्हातारा पंडित कॅसॉबन बागेत वारला, आणि त्याच पानावर पाठीचा गोंद फाटला. नुसता गोंद, शिवण नावालाही नाही. विक्रेत्याचं उत्तर असं की बदलून घ्यायची मुदत सात दिवसांची होती. शहाऐंशी प्रकरणांचं पुस्तक सात दिवसांत कोण वाचतं? तिसऱ्या फोननंतर मी नाद सोडला, पण राग गेलेला नाही.

आम्ही पाच जण दर रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर बसतो. महिन्याला एक भाग वाचायचा, ही मावशीची टूम. १८७१च्या डिसेंबरपासून वर्षभर ही कादंबरी अशीच आठ भागांत निघाली, एकेक भाग पाच शिलिंगला. बाकीचे चौघे फोनवर वाचतात, फुकट. कॉपीराइट कधीच संपलाय. पैसे मोजलेला मी एकटा, आणि "कितव्या पानावर?" विचारलं की घडीत शिरलेल्या ओळी फाकवून बघत बसणाराही मीच.

कादंबरीबद्दल म्हणाल तर पहिले दोन महिने मी तिला नावंच ठेवत होतो. नायिका डोरोथियासारखी हुशार मुलगी कॅसॉबनसारख्या वाळक्या पंडितावर भाळून लग्न करतेच कशी? सगळ्या पुराणकथांची एकच किल्ली शोधायला निघालेला हा गृहस्थ, आणि त्याला जर्मन येत नाही! तिकडच्या विद्वानांनी ते रान कधीच तुडवून ठेवलंय. आम्ही त्याच्यावर मनसोक्त हसलो. मग एकोणतिसावं प्रकरण आलं. लेखिका डोरोथियाबद्दल सांगायला सुरुवात करते आणि वाक्य मध्येच तोडून विचारते, दर वेळी डोरोथियाच का? तिथून ती कॅसॉबनच्या मनात शिरते. आपलं काम फोल आहे ही भीती पोटात घेऊन जगणारा माणूस दिसला. त्या रविवारी कुणी हसलं नाही. मीही शब्द मागे घेतले. अर्थात पुढे त्याच्या मृत्युपत्राची पुरवणी उघडली, आणि माझ्यामागे माझ्याच नात्यातल्या त्या तरुण लॅडिस्लॉशी लग्न केलंस तर इस्टेट गेली ही अट वाचल्यावर अर्धे शब्द परत जागेवर ठेवले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मात्र फ्रेड विन्सी या उधळ्या तरुणाच्या १६० पौंडांच्या कर्जावर. ओळखीतला कॅलेब गार्थ भिडेखातर त्याच्या हुंडीवर जामीन म्हणून सही करतो. पैसे भरायची वेळ येते तेव्हा फ्रेडकडे पन्नासच. गार्थबाईंनी मुलाला धंदा शिकायला पाठवण्यासाठी जमवलेले ९२ पौंड जातात, वर मुलगी मेरीच्या बचतीतले १८. आमच्यातले काका पतसंस्थेत वसुलीला होते. ते म्हणाले, "कर्जदार सापडत नाही रे, जामीनदार घरीच असतो." दीड तास तेच चाललं. मावशीला फ्रेडची दया आली, मला नाही. गार्थबाईंनी तो हिशेब ज्या शांतपणे सांगितला, तसा मला जमला नसता.

ताजा कलम : वर लिहिलेलं रागात लिहिलं होतं, थोडी दुरुस्ती करतो. गल्लीतल्या बाइंडरने पुस्तक बघितलं आणि म्हणाला, "साहेब, याला शिवण नाही बसणार. कापून चार करू?" १२० रुपये घेतले. दोन-दोन भागांची चार पुस्तकं झाली, प्रत्येकाला जाड पुठ्ठा. आता एका हातात मावतं, दुसऱ्या हातात चहा. एकूण खर्च ५१९. छपाईला चार तारे, बांधणीला शून्य, बाइंडरला पाच.

चौथं पुस्तक चालू आहे. कर्जात बुडालेल्या डॉक्टर लिडगेटच्या घरातल्या सामानाची यादी झाली, त्याची बायको रोझमंड बोलत नाही, आणि बँकवाल्या बुलस्ट्रोडने आधी नाही म्हटलेले हजार पौंड आता अचानक देऊ केलेत. काकांनी रविवारची वाट न बघता आत्ताच फोन केला होता, "घेऊ नको म्हणावं त्याला."