स्पार्स: बाइट-क्रमाची चूक वेळेत दाखवणारा तपासनीस

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ड्रायव्हर किंवा फाइलसिस्टिम लिहिताना बाइट-क्रमाची (आकड्याचे बाइट कोणत्या क्रमाने साठवायचे याची) चूक झाली तर ती सहसा कळतच नाही. नेहमीच्या पीसीतला एक्स८६ प्रोसेसर लिटल-एंडियन आहे, म्हणजे सर्वांत लहान किमतीचा बाइट आधी ठेवतो, त्यामुळे आकडा लिटल-एंडियन करणारं 'सीपीयू_टू_एलई३२' तिथे काहीच करत नाही. ते लिहायचं राहिलं तरी सगळ्या चाचण्या पास. तोच कोड आयबीएमच्या बिग-एंडियन (सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट आधी) एस३९० मेनफ्रेमवर गेला की बिंग फुटतं. हेडरमधल्या लांबीच्या जागी ५१२ थेट टाकले, तर तिथे डिस्कवर ००, ००, ०२, ०० असे बाइट उतरतात, आणि एक्स८६ वर तीच डिस्क लावली की लांबी १,३१,०७२ दिसते.

ही चूक मेनफ्रेम जवळ नसतानाही पकडतं ते स्पार्स. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं हे हत्यार चालणारा कोड बनवण्यासाठी नाही, सी कोड वाचून प्रकार तपासण्यासाठी आहे. 'एलई३२' (लिटल-एंडियन), 'बीई३२' (बिग-एंडियन) हे कर्नलमधले प्रकार जीसीसी या कंपायलरला साधे ३२ बिटी पूर्णांक वाटतात. स्पार्सला मात्र 'बिटवाइज' खुणेमुळे ते वेगळ्या जातीचे दिसतात आणि परस्पर मिसळले की तो ओरडतो. चालणाऱ्या कोडवर याचा शून्य भार.

डेबियन किंवा उबंटूवर 'स्पार्स' याच नावाचं पॅकेज आहे. चालवताना एक खाचखळगा लक्षात ठेवा: कर्नल कंपाइल करण्याची आज्ञा 'मेक सी=१' अशी दिली तर ती फक्त नव्याने कंपाइल होणाऱ्या फाइली तपासते. आधीच कंपाइल केलेल्या कोडवर ती चालवली तर पडदा कोरा राहतो आणि कोड स्वच्छ आहे असा गैरसमज होतो. 'सी=२' द्या, आणि पूर्ण कर्नलवर नको, आपल्याच डिरेक्टरीपुरतं. नाहीतर इतरांच्या इशाऱ्यांच्या ढिगात आपला इशारा हरवतो. ४.१० च्या आधीच्या कर्नलवर एंडियन तपासणी वेगळा मॅक्रो देऊन चालू करावी लागते, पुढे ती आपोआप होते.

इशारे रूक्ष असले तरी नेमके असतात. 'डिफरंट बेस टाइप्स' म्हणजे रूपांतर राहिलं. 'कास्ट टू रिस्ट्रिक्टेड' म्हणजे बहुधा आधीच सीपीयूच्या क्रमात असलेला आकडा पुन्हा उलटवला. 'डिग्रेड्स टू इंटिजर' म्हणजे न उलटवता बेरीज किंवा लहान-मोठं अशी तुलना केली. शून्य आणि एकाच प्रकारातलं अँड-ऑर चालतं, आणि ते योग्यच आहे. म्हणून एखादा झेंडा (फ्लॅग बिट) तपासताना चल उलटवण्यापेक्षा स्थिरांक उलटवा. ते काम कंपाइल होतानाच उरकतं.

खरी किंमत कळते ती लिनक्सच्या एक्सटी४ फाइलसिस्टिममध्ये. त्याच्या डिस्कवरच्या रचना लिटल-एंडियन, पण जर्नल (बदलांची नोंद) सांभाळणारं जेबीडी२ बिग-एंडियन! एकाच डिस्कवर दोन्ही नांदतात, आणि कुठे काय हे डोक्यात ठेवण्यापेक्षा प्रकारात लिहिणं कधीही बरं. पीसीआय ड्रायव्हरमध्येही तसंच: हार्डवेअरच्या रजिस्टरमध्ये ३२ बिट लिहिणारं 'राइटएल' स्वतःच लिटल-एंडियन करून लिहितं, तरी आत 'सीपीयू_टू_एलई३२' घालणारे भेटतात. बिग-एंडियन यंत्रावर मग आकडा दोनदा उलटतो. स्पार्स हे दाखवतो.

उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. बाइटच्या बफरचा पॉइंटर 'एलई३२' च्या पॉइंटरमध्ये कास्ट केला तर स्पार्स नेहमीच्या सेटिंगमध्ये गप्प बसतो. तिथे 'गेट_अनअलाइन्ड_एलई३२' वापरा, म्हणजे अलाइनमेंटचाही (आकडा मेमरीत योग्य पत्त्यावर सुरू होण्याचा) प्रश्न मिटतो. बाइट जसेच्या तसे नकलणाऱ्या 'मेमकॉपी' मधून काय गेलं हे त्याला कळत नाही. बिटफिल्डचा (एका आकड्यातल्या काही बिटांना वेगळं नाव देणाऱ्या सोयीचा) क्रम कंपायलर आणि यंत्रानुसार बदलतो, त्याबद्दलही तो अवाक्षर काढत नाही. डिस्क किंवा वायरवरच्या रचनेत बिटफिल्ड टाळून 'एलई३२_गेट_बिट्स' घेतलेलं उत्तम. भाषेच्या नव्या सोयींच्या बाबतीत तो जीसीसीच्या मागे राहतो, त्यामुळे अधूनमधून खोट्या तक्रारीही येतात.

सर्वांत मोठा धोका मात्र वापरणाऱ्याकडूनच. इशारा गप्प करायला '__फोर्स' हा शब्द कास्टमध्ये टाकला की स्पार्स मुकाट्याने मान्य करतो. हार्डवेअरच्या विचित्र सवयीसाठी हा शब्द क्वचित लागतोही, पण पॅच (कोणी पाठवलेला कोडमधला बदल) तपासताना दिसला की शेजारी कारणाची टिप्पणी मागा. नसेल तर पॅच परत पाठवा.